रोम कशाने बुडाले?

रोमचे साम्राज्य पुरुषांच्या पुरुषांशी असलेल्या संबंधांमुळे लयास गेले, हे वाक्य आपल्या धर्मग्रामांत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला आता कोणी पुरावा मागत नाही. विवाहपूर्व शिबिरात ते ऐकू येते, युवक मेळाव्यात येते, क्वचित प्रवचनातही येते. आणि ऐकणारे मान डोलावतात. पुढचा निष्कर्ष वक्त्याने काढला नाही तरी श्रोता काढतोच: ज्या गोष्टीने रोम बुडाले ती आपल्या घराला आणि समाजाला सोडील काय? अशा सभागृहाच्या मागच्या बाकावर एखादा सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मान खाली घालून बसलेली असू शकते. आपल्या मनात काय आहे हे तिने कोणालाही सांगितलेले नसते, आणि तरीही एक अख्खे साम्राज्य बुडवल्याचा आरोप तिच्या माथी येतो.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हे वाक्य इतिहास म्हणून खोटे आहे आणि ख्रिस्ती बोध म्हणून घातक आहे. चर्चची नैतिक शिकवण बदलावी की बदलू नये, हा या लेखाचा विषय नव्हे. ती शिकवण कॅटेकिझममध्ये लिहिलेली आहे आणि वाचकांना ठाऊक आहे. आमचा वाद तिला असत्य इतिहासाचा टेकू देण्याशी आहे. खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा मृतांच्या बाबतीतही लागू असते, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे रोमन मृतच आहेत.

प्रथम सनावळ्या पाहू. सम्राट हेड्रियनने इ. स. ११७ ते १३८ या काळात राज्य केले. अँटिनोअस या तरुणावर त्याचे प्रेम होते, आणि इ. स. १३० मध्ये तो तरुण नाईल नदीत बुडून मरण पावला तेव्हा हेड्रियनने त्याच्या नावाने इजिप्तमध्ये नगर वसवले, त्याला देवत्व दिले, त्याचे पुतळे साम्राज्यभर उभारले. त्यांतील कितीतरी पुतळे आजही युरोपच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. हेड्रियनला गादी मिळाली त्या वर्षी साम्राज्याचा विस्तार सर्वांत मोठा होता, आणि त्याच्या कारकिर्दीत ते खिळखिळे झाल्याचे कोणताही इतिहासकार म्हणत नाही. साम्राज्याच्या ऱ्हासावर १७७६ ते १७८८ या काळात प्रचंड ग्रंथ लिहिणाऱ्या एडवर्ड गिबनने तर एका तळटीपेत नोंदवून ठेवले आहे की, पहिल्या पंधरा सम्राटांपैकी एकट्या क्लॉडियसचीच आवड पूर्णपणे स्त्रियांपुरती होती. रोमच्या भरभराटीचा काळ तो हाच.

आता उतरणीचा काळ पाहा. ३४२ साली कॉन्स्टंशियस व कॉन्स्टन्स या ख्रिस्ती सम्राटांनी अशा संबंधांविरुद्ध कठोर कायदा केला. ३८० साली थिओडोशियसने ख्रिस्ती धर्म हा साम्राज्याचा धर्म ठरवला, आणि ३९० साली रोममधील पुरुषवेश्यागृहांतील माणसांना जाहीरपणे जाळण्याची आज्ञा निघाली. त्यानंतर वीस वर्षांनी, ४१० मध्ये, अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम शहर लुटले. ४७६ मध्ये पश्चिमेचा शेवटचा सम्राट पदच्युत झाला. म्हणजे ज्या पापाने रोम बुडाले असे सांगण्यात येते, ते पाप राजमान्य होते तेव्हा रोम उभे होते, आणि त्याला आगीची शिक्षा ठरली तेव्हा ते पडले. यावरून त्या कायद्याने रोम बुडाले असा निष्कर्ष आम्ही काढणार नाही; तोही तितकाच पोरकट ठरेल. डॅन्यूब ओलांडून ३७६ मध्ये आलेले गॉथ, ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या रणात सम्राट व्हॅलेन्ससह कापले गेलेले सैन्य, सेनापतींच्या आपसांतील लढाया, ४३९ मध्ये कार्थेज व्हँडलांच्या हाती गेल्याने आटलेला धान्याचा आणि कराचा ओघ, ही कारणे इतिहासकार देतात. त्यांच्या वजनांविषयी ते आपसांत भांडतात. परंतु शयनगृहातील कारण त्यांच्या यादीत नाही. आणि ज्या पूर्वेकडे ग्रीक चालीरीतींचे मूळ होते, ते पूर्वेकडचे साम्राज्य १४५३ पर्यंत टिकले.

मग हे वाक्य इतके रुजले कसे? एक कारण असे की, खरे काय होते ते पुष्कळ काळ वाचकांना कळूच दिले गेले नाही. जॉन अ‍ॅडिंग्टन सिमंड्स या इंग्रज विद्वानाने ग्रीक समाजातील पुरुषप्रेमावर निबंध लिहिला. १८८३ साली त्याने तो छापला तेव्हा प्रती काढल्या फक्त दहा, आणि त्याही खाजगी. लोएब ग्रंथमालेत एका पानावर मूळ आणि समोरच्या पानावर इंग्रजी भाषांतर असते; परंतु १९१९ च्या सुमारास मार्शल या लॅटिन कवीची आवृत्ती निघाली तेव्हा आक्षेपार्ह कवितांसमोर इंग्रजीऐवजी इटालियन भाषांतर छापण्यात आले! जणू इटालियन वाचणाऱ्यांचे शील अभेद्यच होते. जे वाचता येत नाही त्याविषयी काहीही सांगता येते. झाकलेल्या इतिहासावर अफवेचे पीक उत्तम येते.

हे झाकण १९७८ साली केनेथ डोव्हर या ऑक्सफर्डच्या विद्वानाने काढले. ग्रीक समलैंगिकतेवरील त्याच्या ग्रंथात उपदेश नाही आणि समर्थनही नाही. आहेत ती मद्यपात्रांवरची शेकडो चित्रे, न्यायालयातील भाषणे आणि शब्दांचे बारकाईने केलेले अर्थ. त्याचा मोठा आधार म्हणजे अथेन्समध्ये ख्रिस्तपूर्व ३४५ च्या सुमारास एस्किनीसने टिमार्कसविरुद्ध केलेले भाषण. टिमार्कसवर आरोप काय होता? पुरुषावर प्रेम केल्याचा नव्हे. आपले शरीर विकल्याचा. ज्याने स्वतःला विकले तो उद्या नगरही विकील, म्हणून त्याला लोकसभेत बोलण्याचा अधिकार नाही, असा तो युक्तिवाद होता.

पुढे १९८८ साली एव्हा कांतारेल्ला या इटालियन विदुषीने प्राचीन जगातील उभयलैंगिकतेवर ग्रंथ लिहिला. चार वर्षांनी तो इंग्रजीत आला. १९९९ साली क्रेग विल्यम्सचा रोमवरील ग्रंथ निघाला. या अभ्यासकांचे आपसांत मतभेद आहेत, पण एका गोष्टीवर ते बहुतांशी एक आहेत. माणसांची 'समलिंगी' आणि 'भिन्नलिंगी' अशी वाटणी त्या जगाला ठाऊक नव्हती. ते शब्दच मुळी एकोणिसाव्या शतकातले. 'होमोसेक्शुअल' हा शब्द प्रथम छापला गेला तो १८६९ मध्ये. ग्रीक वा रोमन नागरिकाने लग्न करावे, वारस द्यावा, आणि त्यासोबत तरुण मुलांवर प्रेम करावे, यात त्या समाजाला विसंगती दिसत नसे. समाज विचारी ते प्रश्न वेगळे होते: कोण वरचढ आणि कोण अधीन? कोण प्रौढ आणि कोण अल्पवयीन? आणि रोममध्ये तर सर्वांत मोठा प्रश्न: कोण स्वतंत्र आणि कोण गुलाम?

स्वतंत्र रोमन नागरिकाच्या मुलाला हात लावणे हा अपराध होता. गुलाम मुलाला हात लावणे हा मालकाचा हक्क होता. थोरल्या सेनेकाने हॅटेरियस नावाच्या एका वक्त्याच्या युक्तिवादाची नोंद ठेवली आहे. त्याचा आशय असा की, जे स्वतंत्र माणसाला कलंक ते गुलामाला सक्तीचे आणि मुक्त केलेल्या गुलामाचे तर कर्तव्यच. यात स्त्री किंवा पुरुष हा भेद गौण होता. गुलाम मुलगा आणि गुलाम मुलगी यांच्या देहावर एकाच धन्याची सत्ता होती, आणि त्यांची संमती हा शब्द त्या कायद्याच्या कोशात नव्हता.

येथे आम्हांला दुसऱ्या बाजूच्या वकिलांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ग्रीकांना सगळे चालत होते, म्हणून आपल्यालाही चालावे, असे सांगणारेही इतिहासाला न्याय देत नाहीत. थीब्जच्या 'पवित्र पथका'ची कथा ते अभिमानाने सांगतात: दीडशे जोड्या, तीनशे प्रेमिक योद्धे, ख्रिस्तपूर्व ३३८ मध्ये कायरोनियाच्या रणात मॅसिडोनियाच्या फिलिपविरुद्ध लढून पडलेले. तेथील दगडी सिंहाच्या स्मारकापाशी सात रांगांत पुरलेले २५४ सांगाडे सापडले आहेत, तेव्हा कथेला आधार आहे. परंतु अथेन्समध्ये ज्यांच्यावर प्रेम केले जाई ते बहुधा मिसरूड न फुटलेले किशोर असत, हे सांगताना त्याच लोकांचा आवाज खाली येतो. प्लेटोच्या 'सिंपोझियम'मध्ये या प्रेमाची स्तुती आहे हे ते सांगतात. त्याच प्लेटोने वार्धक्यात लिहिलेल्या 'लॉज'मध्ये त्याला निसर्गाविरुद्ध ठरवले आहे, हे सांगत नाहीत.

या 'लॉज'वरून तर न्यायालयात रण माजले. अमेरिकेच्या कोलोराडो राज्याने १९९२ साली समलिंगी नागरिकांना संरक्षण देण्यास बंदी करणारी घटनादुरुस्ती केली. १९९३ साली डेन्व्हरच्या न्यायालयात तिच्या विरोधात मार्था नुसबॉम आणि समर्थनार्थ ऑक्सफर्डचे कॅथॉलिक तत्त्वज्ञ जॉन फिनिस यांनी साक्ष दिली, आणि प्लेटोच्या एका ग्रीक शब्दाचा अर्थ काय यावर दोघांची जुंपली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली, तीही प्लेटोचा आधार न घेता. यातून शिकण्यासारखे आहे. जिवंत माणसांना न्याय द्यायचा की नाही, हे मृतांच्या शब्दकोशावर ठरत नसते.

तसेच जॉन बॉसवेल यांचे. येल विद्यापीठाचे हे इतिहासकार स्वतः कॅथॉलिक होते; १९८० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दाखवले की चर्चचा समलिंगी लोकांविषयीचा पवित्रा सर्व शतकांत सारखा कठोर नव्हता. १९९४ साली, मृत्यूच्या वर्षीच, त्यांनी दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पूर्वेकडील चर्चमध्ये दोन पुरुषांना बंधू करून घेण्याचा जो विधी होता तो समलिंगी विवाहासारखा होता असे मांडले. अनेक विद्वानांनी ते अमान्य केले. २०१६ मध्ये क्लॉडिया रॅप यांनी त्या विधीचे मूळ जोडीने साधना करणाऱ्या मठवासीयांत शोधले. बॉसवेल यांची श्रद्धा आणि विद्वत्ता आम्हांला आदरणीय वाटते. परंतु आवडीचा निष्कर्ष निघावा म्हणून पुरावा ताणणे हे आवडीच्या बाजूलाही शोभत नाही.

मग आद्य ख्रिस्ती समाजाने या जगाला काय सांगितले? पुरुषांच्या पुरुषांशी आणि स्त्रियांच्या स्त्रियांशी असलेल्या संबंधांचा संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात निषेध केला आहे, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. परंतु त्या पिढ्यांचा संताप सर्वांत जास्त कोठे पेटला तेही पाहावे. 'दिदाखे' या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथात मुलांना भ्रष्ट करू नये अशी आज्ञा आहे, आणि तिच्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द लक्षणीय आहे: ग्रीक जग ज्याला मुलांवरचे 'प्रेम' म्हणत होते त्याला या लेखकाने मुलांचा 'नाश' म्हटले. दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये लिहिताना संत जस्टिन सांगतो की, ख्रिस्ती लोक नवजात अर्भके टाकून देत नाहीत, कारण अशी टाकलेली मुले आणि मुली वेश्याव्यवसायासाठी वाढवली जातात. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्विराच्या धर्मसभेने मुलांवर अत्याचार करणाऱ्यास मृत्युशय्येवरही कम्युनियन नाकारले. ज्याच्या देहाला किंमत नव्हती त्या गुलामाच्या आणि टाकलेल्या पोराच्या देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणणे, ही त्या काळातली खरी क्रांती होती.

ही क्रांती आपण विसरलो तर काय होते? अत्याचार आणि आकर्षण यांची गल्लत होते. २००२ साली बॉस्टनमध्ये आणि नंतर देशोदेशी, चर्चच्या छत्राखाली मुलांवर झालेले अत्याचार उघडकीस आले. २०१८ साली पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्युरीने तीनशेहून अधिक धर्मगुरू आणि एक हजाराहून अधिक बळी नोंदवले. तेव्हा दोष समलिंगी लोकांवर ढकलण्याचा प्रयत्न झाला. परंतु अमेरिकन बिशपांनीच नेमलेल्या जॉन जे महाविद्यालयाच्या अभ्यासकांनी २०११ च्या अहवालात समलैंगिकता हे या अत्याचारांचे कारण असल्याचा दावा मान्य केला नाही. जस्टिनला आणि एल्विराच्या बिशपांना गुन्हेगार कोठे आहे हे अचूक कळले होते: तो सत्तेच्या आणि वयाच्या वरच्या पायरीवर असतो. आपली नजर मागच्या बाकावरच्या त्या सतरा वर्षांच्या लेकराकडे वळते तेव्हा खरा गुन्हेगार पुढच्या दाराने निघून जातो.

आता या वाक्याचा ख्रिस्ती दृष्टीने विचार करू. आपत्ती आली की अल्पसंख्यांना दोष द्यावा, ही रीत ख्रिस्ती लोकांनी स्वतःच्या कातडीवर भोगली आहे. इ. स. १९७ च्या सुमारास टर्टुलियनने कडवटपणे लिहिले की टायबर नदीला पूर आला किंवा नाईलला पाणी आले नाही, तरी लोक ख्रिस्त्यांना सिंहापुढे टाका म्हणून ओरडतात. ४१० मध्ये रोम लुटले गेले तेव्हा मूर्तिपूजक म्हणाले, जुन्या देवांना सोडून तुम्ही ख्रिस्त स्वीकारलात म्हणून हे घडले. त्या आरोपाला उत्तर म्हणून संत ऑगस्टीनने 'देवाचे नगर' हा बावीस भागांचा ग्रंथ ४१३ ते ४२६ अशी तेरा वर्षे खपून लिहिला. म्हणजे रोम कोणाच्या पापाने बुडाले या प्रश्नाला सर्वांत आधी मिळालेले उत्तर 'ख्रिस्त्यांच्या' असे होते! आणि पुढे सत्ता हाती आल्यावर? ५५९ मध्ये सम्राट जस्टिनियनने कायदा काढला तो याच भीतीने की, पुरुषांच्या या पापामुळे देवाचा कोप राज्यावर येईल. त्याच्या कारकिर्दीत ऱ्होड्सचा बिशप इसायस यालाही या आरोपाखाली छळ सोसावा लागला. कालचे बळी आज आरोप करू लागले. वाक्य तेच राहिले, फक्त नाव बदलले.

प्रभू येशूने हे वाक्य दोनदा खोडून काढले आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा, ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे त्याने लूकच्या शुभवर्तमानात बजावले. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा त्याचेही नाही आणि आईबापांचेही नाही असे उत्तर योहानाच्या शुभवर्तमानात आहे. बुरुजाच्या बाबतीत प्रभूने जे नाकारले ते साम्राज्याच्या बाबतीत आपण कोणत्या अधिकाराने सांगतो?

हा वाद दूरच्या रोमचा नाही. 'निसर्गक्रमाविरुद्ध' हा जो शब्द प्लेटोपासून निघाला तो शतकांचा प्रवास करीत १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ मध्ये येऊन बसला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवले तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी, चर्च समलिंगी माणसांना गुन्हेगार मानत नाही, असे जाहीरपणे सांगितले होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्द केले. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये, समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे, असे म्हटले. आणि १९९२ च्या कॅटेकिझमच्या ज्या पानावर अशा कृत्यांचा निषेध आहे, त्याच पानावर क्रमांक २३५८ मध्ये त्या माणसांचा आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकार करावा, अन्यायाचा भेदभाव टाळावा, असेही लिहिले आहे. क्रमांक २३५७ तोंडपाठ असलेल्यांनी पुढचा परिच्छेद वाचावा, एवढेच आमचे मागणे.

शेवटी एका कौटुंबिक गोष्टीकडे लक्ष वेधतो. मुलाची किंवा मुलीची ओढ लक्षात आली की कित्येक आईवडील घाईने लग्न उरकतात. संसाराला लागले की सुधारेल, असे म्हणतात. ही कल्पना ख्रिस्ती नव्हे, रोमन आहे. ऑगस्टस सीझरने ख्रिस्तपूर्व १८ मध्ये आणि पुन्हा इ. स. ९ मध्ये कायदे करून नागरिकांना लग्नाची सक्ती केली. वारस मिळाला की राज्याचे काम झाले, नवऱ्याचे मन कोठे आहे हे बायकोने विचारायचे नव्हते. चर्चने मात्र विवाहाचा पाया दोघांच्या मोकळ्या संमतीवर घातला. १९८३ च्या कॅनन लॉमधील १०९८ वे कलम सांगते की, सहजीवन गंभीरपणे बिघडवील अशी गोष्ट फसवून लपवली आणि त्यावर संमती मिळवली, तर तो विवाह वैध नाही. वेदीसमोर उभ्या राहणाऱ्या परक्याच्या लेकीचाही यात हक्क आहे. आपल्या घराची लाज झाकण्यासाठी तिचे आयुष्य वापरणे हे पाप कोणत्याही ग्रीक ग्रंथात शोधावे लागत नाही.

तेव्हा धर्मगुरूंना, विवाहपूर्व शिबिरांच्या वक्त्यांना आणि धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांना आमची विनंती आहे: ते वाक्य आजपासून थांबवा. चर्चची शिकवण सांगायची तर पूर्ण सांगा, दोन्ही परिच्छेद सांगा. इतिहास सांगायचा तर गुलाम मुलाचा आणि टाकलेल्या अर्भकाचा सांगा, कारण तो आपल्या पूर्वजांच्या धैर्याचा इतिहास आहे. आणि आईवडिलांना सांगणे एवढेच की, लेकराने तोंड उघडले तर ऐकून घ्या, घराचे दार बंद करू नका, आणि त्या आठवड्यात लग्नाची बोलणी काढू नका.